त्रेचाळीस चुका

"तुझ्या कॉम्प्युटरला फोन दिसतच नाहीये," इरफान माझ्या खांद्यामागून म्हणाला. "वायर बदल की."

"वायर चांगली आहे. चार्जिंग होतंय बघ."

"चार्जिंग होतंय म्हणजे वायर पाजतेय. बोलत नाहीये. काही वायरी नुसत्या पाजणाऱ्या असतात."

"काही आयाही असतात तशा," समोरच्या टेबलावरून सिस्टर मान वर न करता म्हणाल्या.

इरफानने खणातून दुसरी वायर काढून दिली. मी ती लावली आणि जोडलेल्या फोनांची यादी पुन्हा मागवली. इतका वेळ रिकाम्या येणाऱ्या यादीत एक ओळ उमटली. फोनचा लांबलचक क्रमांक, आणि त्याच्यापुढे शेरा: परवानगी नाही. त्याच क्षणी फोनच्या पडद्यावर प्रश्न आला, ह्या कॉम्प्युटरला आत येऊ द्यायचं का? खाली त्या कॉम्प्युटरची ओळख पटवणारी अक्षरं आणि आकडे होते, दोन-दोनच्या जोड्यांत. मी त्या सोळाच्या सोळा जोड्या ताडून पाहिल्या.

"विचारून आत येतोय," सिस्टर उठून बघायला आल्या होत्या. "चांगल्या घरचा दिसतो."

मी 'हो' दाबलं.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर आमची चार माणसांची कंपनी होती. मालक मगदूम सर. प्रोग्रॅम लिहिणारा इरफान मुजावर. सिस्टर, म्हणजे एस्तेर सोनवणे, एकतीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेल्या. आणि मी, चारुलता आवटी, एम.एस्सी. फिजिक्स, तीन महिन्यांच्या बोलीवर नुकतीच लागलेली. आम्ही एकच गोष्ट बनवत होतो. 'थेंब' नावाचं मोबाइल अ‍ॅप. नवजात बाळाला औषध त्याच्या वजनावर द्यावं लागतं. नर्सने बाळाचं नाव, वजन आणि औषध टाकलं की किती मिलिग्रॅम द्यायचं आणि सलाइनचे मिनिटाला किती थेंब सोडायचे, ते अ‍ॅप सांगायचं.

ते बरोबर सांगतंय की नाही हे तपासण्याचं काम सिस्टरांचं. आठ महिने त्या रोज दहाला येऊन, फोन हातात घेऊन, एकामागून एक खोटी बाळं अ‍ॅपमध्ये घालत होत्या. उत्तर कागदावर करून बघायच्या आणि एका जाड वहीत लिहायच्या: क्रमांक, काय केलं, काय आलं, पास की नापास, आणि सही. इरफानने एक ओळ बदलली तरी सगळी वही पहिल्यापासून. बेचाळीस चाचण्या होत्या. दोन दिवस लागत.

माझं काम होतं ते मशीनकडून करून घेण्याचं. कॉम्प्युटरने स्वतः फोन चालवायचा, स्वतः बटणं दाबायची, स्वतः उत्तर वाचून ताडायचं. सोमवारी 'थेंब' अकरा हॉस्पिटलांत सुरू होणार होतं. त्याआधी, म्हणजे शुक्रवारपर्यंत, ही व्यवस्था उभी राहायला हवी होती. तो बुधवार होता.

"मशीन एकदा बसलं," मगदूम सर सकाळीच सर्वांसमोर म्हणाले होते, "की सिस्टरना रोज एवढा जिना चढायला नको. गुडघेही दुखतात त्यांचे."

सिस्टर तेव्हा वहीत रेघा आखत होत्या. "गुडघे माझे आहेत, सर," एवढंच त्या म्हणाल्या.

मी काय बांधायला बसले आहे ते मला त्याच वेळी कळलं होतं. त्यांनाही. आणि मला ह्या अ‍ॅपमधली प्रत्येक गोष्ट त्यांनीच शिकवली होती.

बुधवारचा उरलेला दिवस मांडामांडीत गेला. आधी जावा बसवायचं, ज्यावर बाकीचं सगळं चालतं. मग अँड्रॉइडच्या अवजारांचा संच. मग मधला दुभाष्या, जो मी लिहिलेली आज्ञा फोनला कळेल अशी करून सांगतो. ह्यातल्या प्रत्येकाला दुसरा कुठे राहतो त्याचा पत्ता लिहून द्यावा लागतो. चारदा सगळं पुसून पुन्हा बसवलं, तरी दुभाष्या म्हणत होता, जावा सापडत नाही. पाचच्या सुमारास इरफानने माझ्या पडद्याकडे एकदा पाहिलं.

"अगं, तुला घराचा पत्ता विचारलाय. तू स्वयंपाकघराचा दिलास."

खरंच, मी एक फोल्डर जास्त आत शिरले होते. शेवटचा शब्द खोडला आणि दुभाष्या मुकाट्याने सुरू झाला. मी आधीच्या चारही वेळांच्या नोंदी वहीत ठेवल्या होत्या. चारही वेळा तीच चूक मी नीट अक्षरात लिहून ठेवली होती.

गुरुवारी सकाळी मी पहिली चाचणी लिहिली. सिस्टरांच्या वहीतली पहिली, शब्दाला शब्द. अ‍ॅप उघडा. 'नवीन बाळ' दाबा. नाव लिहा. वजन तीन किलो. औषध निवडा, किलोमागे पाच मिलिग्रॅमचं. 'उत्तर' दाबा. पंधरा यायला हवं.

फोन टेबलावर उताणा ठेवला. "सिस्टर, येता का जरा?"

त्या आल्या, चष्मा पुसत. मी एक कळ दाबली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पाच-सहा सेकंद काहीच झालं नाही. मग अ‍ॅप उघडलं. 'नवीन बाळ' हे बटण दबल्यासारखं गडद झालं आणि पुन्हा फिकं झालं. नावाच्या चौकटीत अक्षरं उमटू लागली. फोनजवळ कुणाचाही हात नव्हता. खिडकीतलं ऊन काचेवर तिरपं पडलं होतं, आणि त्या काचेवर सिस्टरांच्या आदल्या दिवशीच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. त्या ठशांखाली अक्षरं आपोआप येत होती. तीन. औषधांची यादी सरकली, थांबली. उत्तर. पंधरा.

माझ्या हातांवर काटा आला. काय होणार ते मला माहीत होतं, मीच लिहिलं होतं. तरीही.

सिस्टरांनी दोन्ही हात मागे घेतले होते. "कोण दाबतंय गं?"

"कुणीच नाही."

"पुन्हा दाखव."

मी पुन्हा दाखवलं. ह्या वेळी त्या अगदी वाकून बघत राहिल्या. "नाव झाल्यावर थांबलं बघ थोडं," त्या हळूच म्हणाल्या. "मी तिथे थांबते. स्पेलिंग बघायला."

"तुम्ही वहीत लिहिलंय, 'नाव तपासा'. म्हणून मी तिथे थांबा घातला."

"म्हणजे हा माझ्याच चालीनं चालतोय." त्या सरळ झाल्या. मला वाटलं आता त्या काहीतरी कडू बोलतील. त्या म्हणाल्या, "किती शांत हात आहे गं ह्याचा."

संध्याकाळपर्यंत मी बेचाळीसपैकी छत्तीस चाचण्या मशीनला शिकवल्या. सगळ्या पास. दोन दिवसांचं काम ते नऊ मिनिटांत करायचं, न थकता, दर वेळी तितक्याच शांतपणे. इरफानने दोनदा खुर्ची ओढून सिनेमा बघावा तसं ते बघितलं. मगदूम सरांनी तर घरी फोन करून बायकोला सांगितलं, की आमच्याकडे भूत ठेवलंय आणि ते पगार मागत नाही.

शुक्रवारी सकाळी सदतिसावी चाचणी लिहिली. सिस्टरांच्या वहीत ती अशी होती: 'दोन बाळं लागोपाठ. पहिलं तीन किलो, दुसरं एक किलो दोनशे. औषध तेच. पहिल्याला १५, दुसऱ्याला ६. पास.' पुढे सही.

मशीनने पहिलं बाळ घातलं. पंधरा. 'पुढचं बाळ' दाबलं, दुसऱ्याचं नाव लिहिलं, वजन एक पूर्णांक दोन लिहिलं. वजन पडद्यावर बरोबर दिसत होतं. उत्तर आलं, पंधरा.

कॉम्प्युटरवर लाल ओळ उमटली. हवं होतं सहा, मिळालं पंधरा.

"तुझं मशीन घाई करतंय," इरफान म्हणाला. "चौकट तयार व्हायच्या आधी लिहितंय."

मी प्रत्येक पायरीनंतर दोन सेकंदांचा थांबा घातला. पंधरा. पाच सेकंदांचा घातला. पंधरा. फोन बदलला. पंधरा.

"मग तुझी मांडणीच कुठेतरी चुकलीय. सिस्टरनी आठ महिने ह्याला पास दिलंय, आठ महिने!"

"सिस्टर, तुम्ही हातानं करून बघता का?"

त्यांनी फोन घेतला. डावा हात वहीवर, उजव्या हातात फोन, नजर कागदावर. पहिलं बाळ, पंधरा. दुसरं बाळ, सहा. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

मी त्यांना सात वेळा करायला लावलं. सातही वेळा सहा. मग सात वेळा मशीनकडून. सातही वेळा पंधरा. फोन एकच, अ‍ॅप एकच, पायऱ्या त्याच. मी दोन्हींचे तक्ते शेजारी शेजारी लिहिले. निसर्ग असा वागत नाही. दोन गोष्टी हुबेहूब सारख्या असतील तर उत्तरं वेगळी येत नाहीत. तेव्हा त्या सारख्या नव्हत्या.

"सिस्टर, तुम्ही आणखी काही दाबता का मध्ये?"

"वहीत लिहिलंय तेवढंच. मी कशाला दाबू जास्तीचं?" त्या पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. "एकतीस वर्षांत ऑर्डरबाहेर काही केलं नाही मी."

"सर दुपारी येतील," इरफान दबक्या आवाजात म्हणाला. "ही एक सोडून दे आत्ता. 'मशीनची अडचण' लिहून ठेव. उरलेल्या पाच पुऱ्या कर, म्हणजे सगळेच सुटलो."

ते सोपं होतं. मी पेन उचललंही होतं.

फोनच्या सेटिंगमध्ये, सहसा कुणी जात नाही अशा एका पानावर, एक सोय असते. ती चालू केली की बोट काचेवर जिथून जातं तिथे बारीक रेघ उमटते. पुढच्या स्पर्शाला ती पुसली जाते, म्हणून मी कॉम्प्युटरला पडद्याचं चित्रणही करायला लावलं. सिस्टरांना आठव्यांदा विनंती केली. त्यांनी केलं, सहा आणलं आणि फोन ठेवून त्या पाणी प्यायला उठल्या.

मी ते चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत बघू लागले. 'पुढचं बाळ' ह्या बटणावर एक ठिपका. मग नावाच्या चौकटीत. आणि त्या दोन्हींच्या मध्ये, पाव सेकंदापेक्षाही कमी वेळ, वजनाच्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे आधीचा आकडा पुसायची अगदी छोटी फुली असते तिथे, एक रेघ. खाली उतरलेली, किंचित वळलेली. पुढच्या चित्रात ती नव्हती.

एम.एस्सी.ला असताना आमच्या विभागात एक काचेची पेटी होती. तिच्यात थंड वाफ भरायची, आणि काळोख करून बसायचं. मध्येच धुक्याची एक बारीक रेघ आरपार जायची आणि विरून जायची. आकाशातून आलेला एखादा कण तिथून गेलेला असायचा. कण कधीच दिसत नाही. तो गेल्याचं दिसतं. त्या पेटीसमोर बसले असताना श्वास जसा अडकायचा, तसा मिरजेतल्या त्या माडीवर भर दुपारी अडकला.

"सिस्टर," मी हाक मारली. "हे बघा."

त्यांनी तीनदा बघितलं. "हा अंगठा कुणाचा?"

"तुमचा."

त्यांनी उजवा हात पालथा-उताणा करून पाहिला, जणू दुसऱ्या कुणाचा असावा. मग त्या खुर्चीवर बसल्या.

"काटा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वजनाचा काटा. आमच्या वेळी दांडीचा असायचा, वजन सरकवायचा. एक बाळ उचललं, की दुसरं ठेवायच्या आधी अंगठ्यानं दांडीवरचं वजन ढकलून शून्यावर आणायचं. मेट्रन ओरडायची, पहिल्याचं वजन दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नका गं! दिवसाला चाळीस बाळं. एकतीस वर्षं." त्यांनी अंगठा मुठीत झाकला. "मला खरंच ठाऊक नव्हतं, चारू. मी वहीत खोटं नाही लिहिलं."

"मला माहीत आहे."

इरफान आपल्या कॉम्प्युटरवर धावला होता. दहा मिनिटांनी तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. एका बाळाला दोन-तीन औषधं असतात. दर वेळी वजन लिहायला नको म्हणून त्याने ते आत साठवून ठेवलं होतं. बाळ बदललं की साठवलेलं पुसलं जायला हवं होतं. ते फक्त ती फुली दाबल्यावरच पुसलं जात होतं. फुली न दाबता नवं वजन लिहिलं, तर पडद्यावर नवं दिसायचं, आणि हिशेब जुन्यावर व्हायचा. तो स्वतः तपासताना दर वेळी अ‍ॅप बंद करून उघडायचा, म्हणून त्याला कधी दिसलं नाही. मशीनही प्रत्येक चाचणीला अ‍ॅप नव्याने उघडायचं, म्हणून आधीच्या छत्तीस पास झाल्या होत्या.

"म्हणजे सव्वा किलोच्या बाळाला तीन किलोच्या बाळाचा डोस," सिस्टर म्हणाल्या.

"पण नर्सेस दाबतीलच ना फुली?" इरफान म्हणाला. "तुमच्यासारखंच."

"आताचे काटे इलेक्ट्रॉनिक आहेत रे बाळा. आपोआप शून्यावर येतात. ह्या पोरींचा अंगठा तिकडे जाणार नाही. का जाईल?"

त्यांनी जाड वही उघडली. सदतिसाव्या चाचणीपुढच्या 'पास'वर एक सरळ रेघ मारली, बाजूला 'नापास' लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. मग पानं मागे उलटत गेल्या. आठ महिन्यांत ती चाचणी जितक्या वेळा झाली होती तितक्या ठिकाणी त्यांनी तसंच केलं. अठ्ठावीस ठिकाणी. मी पेनची टोपी हातात धरून उभी होते.

मगदूम सर तीनला आले. इरफानने त्यांना सांगितलं, काहीही न लपवता. सर एकदम म्हणाले, "पण पकडलं ना मशीननं! आठ महिन्यांत माणसाला सापडलं नाही ते दोन दिवसांत पकडलं. सिस्टर, राग मानू नका हं, पण मी म्हणत होतो ते हेच."

सिस्टरांनी वही मिटून पिशवीत घातली होती.

मी सभांमध्ये बोलत नसे. त्या दिवशी माझा आवाज मलाच परका वाटला. "सर, मशीननं काही पकडलं नाही."

"म्हणजे?"

"मशीननं मी लिहून दिलं तेवढंच केलं. मी सिस्टरांच्या वहीतलं लिहून दिलं. वहीत फुली नव्हती, म्हणून मशीननं फुली दाबली नाही. त्याला काहीच कळलं नाही, चूकसुद्धा नाही. त्यानं फक्त पंधरा आणि सहा वेगळे आहेत एवढं सांगितलं." मला थांबावं लागलं. "अ‍ॅपमध्ये एक गोष्ट नव्हती. ती आठ महिने सिस्टरांचा हात भरून काढत होता. कुणाला न सांगता. त्यांनाही न सांगता. सर, असं आणखी काय काय त्यांच्या हातात आहे, ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. ते समजल्याशिवाय सोमवारी हे बाळांपाशी न्यायचं नाही."

शेवटचं वाक्य मी मालकाला आज्ञा केल्यासारखं बोलले होते. तीन महिन्यांची बोली होती. इरफान माझ्याकडे बघायचं टाळत होता.

मगदूम सरांनी नाकावरून हात फिरवला. "मग आता काय करायचं म्हणता, आवटी?"

उत्तर सिस्टरांनी दिलं. "आता चुका करायला लागतील, सर. ह्या अ‍ॅपला माझ्यासारखी नर्स देऊन उपयोग नाही. थकलेली द्यायला पाहिजे. नवी, घाबरलेली द्यायला पाहिजे. मला त्या चुका हातानं करताच येत नाहीत, बघितलंत ना? अंगठाच ऐकत नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्या मशीनला येतात का चुका करता?"

"सांगितल्या तर येतात."

"मी सांगते."

मगदूम सर त्याच खुर्चीत बसून अकरा हॉस्पिटलांना एकेक फोन करू लागले. पहिल्याला म्हणाले, "तांत्रिक कारणानं पंधरा दिवस पुढे."

"तांत्रिक काय त्यात," सिस्टर मोठ्यानं म्हणाल्या. "चूक म्हणा."

दुसऱ्या फोनपासून ते 'चूक' म्हणाले.

पुढचा आठवडाभर सिस्टर दहाला यायच्या, माझ्या शेजारी खुर्ची ओढायच्या आणि सांगायच्या. मी लिहायचे.

"बाळाला नाव नसतं गं. आईचं नाव असतं. बेबी ऑफ सुनंदा. आणि वॉर्डात त्याच दिवशी दोन सुनंदा असतात. घाल." "ग्लव्ह ओला असतो, बोट दोनदा टेकतं. दोनचे बावीस होतात." "ग्रॅममध्ये वजन लिहितात. बाराशे. किलोच्या चौकटीत." "अर्धं लिहिलंय आणि शेजारच्या बाळाचा श्वास अडकला. फोन तिथेच टाकून पळाली. वीस मिनिटांनी ड्यूटी बदलली, दुसरीनं येऊन पुढचं अर्धं लिहिलं." "जुळी आहेत. एकाचं दुसऱ्याला." "सासूचा फोन येतो मध्येच."

"सासूचा?" मी हसले.

"तिचाच येतो. घाल तू."

इरफान ऐकत असायचा आणि कधीकधी डोकं धरायचा. प्रत्येक चूक त्या एका दमात सांगायच्या, कुठे, कशी, हात कुठे असतो, नजर कुठे असते. कुणाची ते कधीच सांगत नसत. बेचाळीस झाल्या तेव्हा मला वाटलं, संपल्या. मी पाठ टेकली.

"अजून एक आहे," सिस्टर म्हणाल्या.

त्या पडद्याकडे बघत नव्हत्या.

"डॉक्टरनी घाईत लिहिलेलं. वजन एक पॉइंट एक. पॉइंट नीट उमटलेला नसतो, कागदाच्या घडीवर आलेला असतो. वाचणारी अकरा वाचते. नवी असते. विचारायला घाबरते." त्या थांबल्या. "कॉट नंबर सात. मुलगी. सकाळचा सहाचा डोस."

मी लिहिता लिहिता थांबले. "सिस्टर, कॉटचा नंबर मशीनला लागत नाही."

"लिही तू."

मी लिहिलं. कॉट नंबर सात. मुलगी. सकाळी सहा.

इरफानने सदतिसाव्या चाचणीतली चूक तर केव्हाच दुरुस्त केली होती. सिस्टरांच्या त्रेचाळीस चुका पहिल्यांदा चालवल्या, तेव्हा त्यांतल्या चौदा अ‍ॅपने गुपचूप पोटात घातल्या आणि चुकीचं उत्तर दिलं. इरफान कामाला लागला. दुसऱ्या दिवशी नऊ राहिल्या, मग तीन. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं पुन्हा त्या फोनभोवती बसलो. मी कळ दाबली आणि हात मांडीवर ठेवले.

मशीन चुका करू लागलं.

आधी त्यानं त्रेचाळिसांतली पहिली केली, मग दुसरी. एकाही चुकीपाशी ते कचरलं नाही. दोन्ही सुनंदांची बाळं एकमेकांत मिसळली. दोनचे बावीस केले. बाराशे किलोचं बाळ घातलं. अर्धवट लिहून फोन टाकून गेलं आणि परत येऊन भलत्याच बाळाचं अर्धं लिहिलं. एकतीस वर्षं वॉर्डात ज्या ज्या गोष्टीनं कुणाच्या ना कुणाच्या छातीत धस्स झालं होतं, ती प्रत्येक त्या काचेवर घडत होती, त्याच शांत हातानं, आणि प्रत्येकीपाशी अ‍ॅप लाल चौकट आणून थांबत होतं: वजन तपासा. नाव तपासा. हे बाळ कुणाचं? कुठे कुणी रडत नव्हतं, कुणाला काही होत नव्हतं. मी मोजायचं विसरून गेले. पदार्थांचे, प्रकाशाचे पुष्कळ प्रयोग मी पाहिले होते. असा पाहिला नव्हता.

शेवटची सुरू झाली तेव्हा सिस्टर उठून उभ्या राहिल्या आणि टेबलावर दोन्ही हात टेकून वाकल्या. अ‍ॅप उघडलं. नावाच्या चौकटीत मी लिहिलेलं उमटत गेलं: कॉट सात, मुलगी. वजनात एक, आणि त्याच्या पुढे एक. अकरा. मशीननं 'उत्तर' दाबलं.

उत्तर आलं नाही. पडदा लाल झाला. 'नवजात बाळाचं वजन ११ किलो असू शकत नाही. डॉक्टरांना विचारा.'

कॉम्प्युटरवर हिरवी ओळ आली. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. इरफानने टाळी वाजवायला हात उचलले आणि सिस्टरांकडे बघून ते तसेच खाली ठेवले.

"पुन्हा लाव," सिस्टर म्हणाल्या.

"सगळ्या?"

"नाही. एवढी एकच."

मी ती एकच लावली. कॉट सात, मुलगी, अकरा. पडदा लाल. डॉक्टरांना विचारा.

"अजून एकदा."

इरफान हळूच उठून जिन्यात जाऊन उभा राहिला. त्या 'अजून' म्हणाल्या की मी कळ दाबायचे. त्या दुपारी ती चूक आमच्या टेबलावर सतरा वेळा झाली, आणि सतराही वेळा अडली. मग सिस्टरांनी टेबलावरचे हात उचलले, पिशवीतून जाड वही काढली आणि माझ्यापुढे उघडी ठेवली.

"आज तू सही कर," त्या म्हणाल्या. "माझा हात कापतोय."